शेवटची तीन मिनिटं

दारावर टकटक झाली तेव्हा प्राध्यापिकाबाई पेपरांच्या ढिगात मान घालून बसल्या होत्या. दारात एक किडमिडीत, उंच माणूस उभा होता. गळ्यात हेडफोन, हातात कागद.

“मॅडम, मी खालच्या स्टुडिओतला. तुमच्या मुलाखती ऐकून टाइप करतो तो.”

अस्सं, हाच तो! सहा महिने बाईंच्या फायली खाली जात आणि टाइप होऊन वर येत. विभागात त्याला सगळे ‘कानसेन’ म्हणतात, एवढंच बाईंना ठाऊक होतं.

“परवाच्या, त्या नर्सबाईंच्या मुलाखतीची शेवटची तीन मिनिटं टाइप करू की नको?” तो चाचरला. “म्हणजे... त्या निघून गेल्यात. तुम्ही एकट्याच बोलताय.”

रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता!

बाई विद्यापीठात संवादशास्त्र शिकवत. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे दहावीपर्यंत सात शाळा झाल्या. एका गावात मास्तरांच्या डोळ्यांत बघून बोललं की उद्धट, दुसऱ्या गावात न बघितलं की लबाड. बोलणी खाऊन मिळालेलं हे शहाणपण पुढे पोटापाण्यासाठी कामी आलं. आता त्या दूरदेशाहून आलेल्या माणसांच्या मुलाखती घेत आणि प्रत्येकाला शेवटी विचारत, तुमच्याकडे निरोप घेताना काय म्हणतात?

त्या दिवशी नर्सबाई गेल्यावर कप विसळता विसळता त्या स्वतःशीच बोलल्या होत्या. ‘आमच्याकडे म्हणतात, पोचलीस की कळव. आई गेल्यापासून मला कुणी म्हणत नाही. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, झालं.’

“खोडून टाका ते,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

“खोडतो. पण ऐकलेलं खोडायची सोय नाही हो मॅडम.”

त्यानंतर तो दर मंगळवारी शंका घेऊन वर येऊ लागला. कुणी बोलता बोलता थांबलं, तर किती सेकंद थांबलं ते कंसात लिहायचं, असा बाईंचा दंडक होता. तो इमानेइतबारे लिही.

“इथे तुम्ही चार सेकंद थांबलात. पण मधे हसलातही. ते लिहायचं का?”

“मी हसले नव्हते.”

“गालातल्या गालात हसलात. ऐकू येतं.”

“फार तिखट कान आहेत तुमचे!”

“म्हणून तर पोट भरतंय,” तो म्हणाला आणि बाई पुन्हा हसल्या, या वेळी चांगल्या खळखळून.

खरं सांगायचं तर बाई आता मुलाखतीत मुद्दाम एखादं वाक्य पुटपुटत असत. म्हणजे शंका निघेल, आणि शंका निघाली की तो वर येईल! सोमवारी रात्रीच उद्याची साडी बाहेर काढून ठेवलेली असे. स्वतःचंच हसू येई त्यांना. पण घरी परतल्यावर कुलूप तेच, अंधार तोच. शेजारच्या दाराआड कुणीतरी कुणालातरी जेवायला हाक मारी, तेव्हा त्या टीव्ही जरा मोठा करत.

एका मंगळवारी तो शंकेशिवाय आला.

“मॅडम, शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. रेडिओत नोकरी लागली, दुसऱ्या गावात. गाडीने तीन तास.”

“अरे वा! अभिनंदन,” बाई म्हणाल्या.

एवढंच. शंभर मुलांसमोर तासन् तास बोलणाऱ्या बाईंची दातखीळ बसली. त्याने टेबलावरचे कागद उगाच नीट केले, दाराची कडी दोनदा चाचपली आणि गेला.

गुरुवारी मुलाखत संपली, पाहुणा गेला. बाईंनी रेकॉर्डरकडे बघितलं. लाल दिवा चालू होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोलल्या.

“रेकॉर्डर चालू आहे. या वेळी मुद्दाम ठेवलाय... तुम्ही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण मंगळवार आला की मला बरं वाटायचं. तुम्ही मला आवडता. झालं, बोलले एकदाची.”

मग फाईल खाली पाठवली आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या.

शुक्रवारी तो आला. हातात कागद नव्हता.

“कालचं टाइप केलं नाही.”

“का?” बाईंनी विचारलं.

“टाइप करून परत दिलं असतं. ते मला ठेवायचंय... माझ्याजवळ.” तो थांबला. बाईंनी सवयीने सेकंद मोजायला सुरुवात केली, आणि सोडून दिली. “मलाही बोलता येत नाही हो. आयुष्यभर दुसऱ्यांचंच ऐकलं. पण मंगळवारी सुट्टी मागून घेतली आहे रेडिओत. दर मंगळवारी. येऊ?”

“या,” बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

संध्याकाळी स्टेशनवर त्याला पोचवून त्या एकट्याच परतल्या. बस रिकामी होती. जिना चढून कुलूप उघडलं, दिवा लावला. खोली होती तशीच होती, आणि मंगळवारला अजून चार दिवस होते. त्या चप्पल काढत होत्या तोच फोन वाजला. गाडी अजून वाटेतच असणार.

“पोचलीस?” त्याने विचारलं.

बाई दाराशीच खाली बसल्या. “पोचले,” त्या म्हणाल्या. “तू पोचलास की कळव.”