लाल रक्ताची देवी

"हे विकायला आहे की नुसतं दाखवायला?"

सोलेनने मान वर केली. सां-पोल गावच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात सकाळपासून पावसाची भुरभुर लागली होती. छत्री उघडावी तर लोक हसतील, न उघडावी तर पापण्या ओल्या. टेबलापलीकडे एक उंच तरुण उभा होता. डाव्या भुवईत पीठ, आणि हातात तिचं स्टिअरिंग... एकाच दांड्याचं, जुनं, तडकलेलं.

"टेबलावर ठेवलंय म्हणजे विकायलाच," ती म्हणाली. "दाखवायच्या वस्तू मी घरी ठेवते."

तो हसला. हसताना एकाच गालाला खळी पडली, दुसरा गाल कोराच राहिला. सोलेनने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"आणि याची मालकीण? गाडी?"

"आमच्या शेडमध्ये आहे. कोंबड्यांच्या ताब्यात."

"जिवंत आहे?"

"कोंबड्या? मजेत आहेत."

"अहो, गाडी!" तो कळवळला. "सिट्रोएन डी.एस. आहे ती! आपल्या भाषेत ती अक्षरं म्हटली की 'देवी' ऐकू येतं, म्हणून आम्ही तिला देवीच म्हणतो. आणि तुम्ही देवीचा हात कापून बाजारात आणलात?"

"पापांनी आणायला सांगितला. बाकीची भंगारात जायचीय."

त्याने स्टिअरिंग छातीशी धरलं. "मग हे मी विकत घेत नाही," तो म्हणाला. "परत जोडायला येतो. चालेल?"

असल्या आगाऊ माणसाला सरळ नाही म्हणायचं असतं, हे सोलेनला माहीत होतं. पण जीभ ऐन वेळी फितूर झाली. "रविवारी या," ती म्हणाली. "आणि भुवई पुसून या."

एरवान त्याचं नाव. मॉर्लेला त्याची बेकरी होती. रविवारी तो भुवई पुसून आला, सोबत कागदात गुंडाळलेला लोण्याने थबथबलेला गरम केक घेऊन. कुइन्यामान खायला घालणाऱ्यावर लेओं भागातली मुलगी रागावू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

शेड शेताच्या टोकाला होतं. चारी बाजूंना आर्टिचोकचे वाफे, पलीकडे राखाडी समुद्र. खारं वारं त्या पत्र्याच्या फटींतून वर्षानुवर्षं आत येत होतं आणि गाडीला चाखत होतं. काळी देवी पोटावर बसलेली, दारं गंजलेली, तळाला भोकं. टपावर एक कोंबडी अंडं घालायच्या तयारीत.

एरवानने नंबरची पाटी हाताने पुसली. वाचली. मग पुन्हा वाचली. मागचं दार कसंबसं उघडून तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि बसूनच राहिला.

"बरे आहात ना?" सोलेनने विचारलं.

"हो... सीट मऊ आहे."

"उंदरांनी खाल्लीय ती."

"तरी मऊ आहे," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

काय विचित्र माणूस, असं तिला वाटलं. आणि विचित्र माणूस आपल्याला आवडायला लागलाय की काय, अशी एक बारीक शंकाही आली.

गाडी सोलेनच्या आईची. मारीवॉन या भागातली सुईण होती. रात्री-अपरात्री, धुक्यात, खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून ती या गाडीतून धावायची. देवी जमिनीवरून पाण्यासारखी चालते, अडलेल्या बाईला हिसका बसत नाही, म्हणून तिने हीच घेतली होती. पुढे गाडी थकली, मारीवॉनही थकली, आणि दोन वर्षांपूर्वी गेली. सोलेन रेन शहरातलं बिऱ्हाड गुंडाळून घरी आली. आता रॉस्कॉफच्या धक्क्यावर इंग्लंडच्या बोटीची तिकिटं द्यायची आणि पापांना जेवायला घालायची. पापा, म्हणजे जाकेझ, शेडकडे जाणारी वाटसुद्धा टाळायचे.

"जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाच्या शेकोट्या झाल्या की दुसऱ्या दिवशी कांदे निवडायचं यंत्र येतंय," त्यांनी जेवताना बजावलं. "त्याला शेड लागणार. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

"आणि त्याआधी गाडी आपल्या पायांवर उभी राहिली तर?" सोलेन म्हणाली.

"तो ढिगारा?" जाकेझ हसले. "उभा राहिला तर राहू देईन. जा."

शब्द दिला म्हणजे दिला. इकडचा ब्रेटन माणूस एकवेळ शेत सोडेल, दिलेला शब्द सोडणार नाही. फक्त त्यांना वाटलं होतं, हे काही घडायचं नाही.

आणि मग शनिवार आले... एकामागून एक. एरवान एकटा आला नाही, देवीवेड्यांचं अख्खं मंडळ घेऊन आला. मंडळाचा म्होरक्या फाँश, निवृत्त पोस्टमास्तर, मिशा बर्फासारख्या आणि जीभ कात्रीसारखी. आयुष्यभर जहाजांची शिडं शिवलेली ओदेत, आता देव्यांच्या सीटा शिवायची. आणखीही चार-सहा वेडे. या वेड्यांतही दोन जाती होत्या. देवीच्या नळ्यांतून एक तेल फिरतं, त्याच्या दाबावर ती उठते, वळते, थांबते. आधीच्या गाड्यांत ते तेल लाल, नंतरच्यांत हिरवं. फाँश लालवाला. एरवानसकट बाकी बरेचसे हिरवेवाले.

"गवत खाणारे!" फाँश त्यांना चिडवायचा. "ही मुलगी बघा, पहिली गाडी आणि थेट लाल रक्ताची! नशीब लागतं."

"नशीब नाही, गंज लागतो," ओदेत म्हणायची. "आणि तो दोघांना सारखाच लागतो. सुई दे इकडे."

तळाचा पत्रा कापला, नवा जोडला. दारं खरवडली. मागची सीट ओदेत टाकून देणार होती, तर एरवान आडवा आला. "ही नाही. वरचं कापड बदला, आतली सीट तीच राहू द्या."

"का रे? खजिना पुरलायस?"

"समजा."

सोलेनला खरवडायला आवडू लागलं. खरं तर खरवडताना शेजारी कोण असतं, ते आवडू लागलं. एरवानच्या हातांना पहाटेच्या पावाचा वास आणि वर ग्रीसचा. एकाच नटावर दोघांची बोटं पडायची आणि दोघंही तो नट फारच महत्त्वाचा असल्यासारखे त्याच्याकडे बघत राहायचे.

"नटाला टक लावल्याने तो फिरत नाही," फाँश दारातून म्हणायचा.

मे संपता संपता इंजिन सुरू झालं. आता फक्त तेल भरायचं आणि देवी उठायची. सगळे बाहेर कॉफीला गेले होते, शेडमध्ये दोघंच. पत्र्यावर पावसाची टपटप. एरवान टाकीवर वाकलेला, हातात नरसाळं.

"एक विचारू?" सोलेन म्हणाली.

"विचारा."

"हेच. हे 'विचारा', 'बसा', 'द्या'... इतके शनिवार झाले. तुम्ही मला तू म्हणणार आहात का, की मी एखाद्या कोंबडीचं शिफारसपत्र घेऊन येऊ?"

एरवानचे कान लाल झाले. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला. "तू..." तो म्हणाला. नुसतं तेवढंच. हात मात्र चालू होता. त्या हाताने सवयीने, न बघता, स्वतःच्या खोक्यातला डबा उचलला आणि ओतला.

मंडळी आली. इंजिन लावलं. खोल श्वास घेतल्यासारखा आवाज झाला आणि गाडीची मागची बाजू बोटभर उचलली गेली! टाळ्या पडल्या. ओदेतने फाँशचा मुका घेतला. आणि फाँश, मिशीतल्या मिशीत हसत, टाकीत डोकावला...

"बंद करा! बंद करा आधी!"

इंजिन थांबलं.

"हिरवं," तो म्हणाला. "लाल देवीला हिरवं पाजलंय कोणीतरी. आतलं सगळं रबर फुगणार. एकूण एक."

कोणी काही बोलायच्या आत एरवान पुढे झाला. "मी ओतलं. माझ्या डब्यातलं. मी... बघत नव्हतो."

दारात जाकेझ उभे होते. कधी आले, कुणाला कळलं नाही. ते गाडीकडे बघत होते आणि बघता बघता त्यांचा चेहरा मिटला. "झालं," ते म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

ते गेलेले पाहिले आणि सोलेनचा बांध फुटला. "कितीदा सांगितलं होतं फाँशने! ते बघायला आले होते... आज पहिल्यांदा आले होते पापा! तुम्ही जा. जा तुम्ही."

ते 'तुम्ही' एरवानला चपराकीसारखं लागलं. जेमतेम घटकाभर दोघांमध्ये आलेलं 'तू' गेलं होतं. तो गेला.

रात्रभर सोलेन स्वतःवरच चिडत राहिली. ऐन तेल भरताना त्याला बोलण्यात गुंतवलं कोणी? कानांची मजा बघत कोण उभं होतं? चूक काय एका हाताची होती? आणि मग सर्वांत वाईट विचार आला. तो परत आलाच नाही तर? गाडीपेक्षा त्याच विचाराने तिला जास्त रडू आलं. तेव्हा तिचं तिलाच कळून चुकलं.

सकाळी हॉर्न वाजला. एक नाही, अनेक. खिडकीतून पाहते तर शेतातल्या अरुंद वाटेवर देव्यांची रांग, आणि पुढे पावाची व्हॅन. एरवान पहाटेच बेकरीतून निघाला होता. मंडळातल्या प्रत्येक दारात त्याने गरम पाव ठेवला होता आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं होतं, "मी गाढव आहे, मदत करा." ब्रेस्टपासून लॅनिऑंपर्यंतच्या लालवाल्यांनी कपाटांतून जपलेली रबरं काढली होती. आणि फाँशने स्वतःच्या गाडीचा पंप. सेंट जॉनच्या मिरवणुकीत दरवर्षी पहिली असणारी गाडी!

"फाँश, तुमची गाडी?" सोलेनने विचारलं.

"बसेल यंदा पोटावर. मीही बसतो दुपारी, काही बिघडत नाही. कामाला लागा रे, गवतखाऊंनो!"

एरवान व्हॅनपाशीच उभा होता, जवळ यावं की नाही अशा विचारात. सोलेन चिखलातून चालत गेली.

"पाव उरलाय का?" तिने विचारलं.

"एक आहे. तुमच्यासाठी ठेवलाय."

"तुमच्यासाठी?" तिने भुवया उंचावल्या. "चूक सुधारायला आलायस ना? मग पहिली ही सुधार."

त्याने पाव तिच्या हातात दिला. अजून गरम होता. "तुझ्यासाठी," तो म्हणाला.

नळ्या सोडवल्या, सगळी देवी पुन्हा उघडी पडली. आत चिकटलेलं हिरवं धुऊन काढायला स्पिरिट हवं आणि दुपारपर्यंत ते संपलं. रविवार, दुकानं बंद. सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना दारात चाकाचा कुरकुर आवाज झाला. जाकेझ ढकलगाडी लोटत येत होते. तिच्यात एक लाकडी पिंप. सफरचंदाची घरची कडक दारू, पहिल्या धारेची, लग्नाकार्याशिवाय न उघडली जाणारी.

"पापा, ही तर..."

"आग लावली तर जळते. म्हणजे धुवायला चालेल." त्यांनी पिंप टेकवलं. गाडीकडे न बघता म्हणाले, "मारीवॉन म्हणायची, आत अडकलेलं मोकळं करायला उशीर करायचा नसतो. नळ्यांतून उरली तर ग्लास आणा."

फाँशने टोपी काढली. ओदेतने नाक पुसलं. आणि सोलेनने बापाच्या गळ्यात असे हात टाकले की पिंप उलटता उलटता वाचलं.

पुढचे दिवस कसे गेले, कुणाला विचारू नका. ती धक्क्यावरून थेट शेडमध्ये, तो भट्टीवरून थेट शेडमध्ये. शेवटचं रबर बसलं तेव्हा गावाच्या माळावर सेंट जॉनच्या शेकोटीची लाकडं रचून झाली होती.

जूनमधली आमच्याकडची संध्याकाळ संपतच नाही. उजेड रेंगाळत होता. सगळं गाव वाफ्यांच्या कडेने उभं. फाँशने डबा उघडला, सर्वांना दाखवला. "लाल!" लोक ओरडले, "लाल!" सोलेन स्टिअरिंगमागे बसली. तेच, एकाच दांड्याचं. उद्या इथे यंत्र येणार होतं, किंवा...

तिने किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं. लागलं. आणि काहीच झालं नाही. कोणी श्वास घेईना. मग आत कुठेतरी टक्... टक्... असा आवाज झाला, आणि देवीची मागची बाजू हळूच उचलली गेली. बोटभर. वीतभर. मग पुढची. काळी, चकचकीत, सावकाश, एखादी मानी बाई गुडघ्यावर हात न टेकता उठावी तशी ती उठली आणि उभी राहिली!

लोकांनी आरडाओरडा केला, हॉर्न वाजले, कोंबड्या उधळल्या. जाकेझ पुढे आले. त्यांनी टपावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"यंत्र पावसात उभं राहील," ते म्हणाले. "त्याला काय धाड भरलीय? ताडपत्री घालू."

सोलेन रडत होती आणि हसत होती. एरवान खिडकीपाशी आला. त्याचे कान पुन्हा लाल.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "बाजारात मी आलो तो तुझ्याशी बोलायला. स्टिअरिंग नंतर दिसलं. पण नंबर वाचला तेव्हा... आई नेहमी सांगायची तो नंबर. मला मॉर्लेच्या दवाखान्यात नेत होते. म्हणजे, आईच्या पोटात. पोचलो नाही. मी या मागच्या सीटवर जन्मलो, सोलेन. तुझ्या आईच्या हातांवर."

सोलेन वळून मागच्या सीटकडे पाहू लागली. आईचे ते हात, आणि हा. खिडकीच्या चौकटीवरची त्याची बोटं तिने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली.

"म्हणजे तो तूच!" जाकेझ केवढ्याने तरी ओरडले. "पेन्झेच्या पुलावरचा! मारीवॉन वर्षभर सांगत होती, असलं घाईचं पोर आयुष्यात पाहिलं नाही, पूल ओलांडेपर्यंतसुद्धा थांबलं नाही!" त्यांनी एरवानला नखशिखांत न्याहाळलं. "आणि त्याच पोराला, माझ्या मुलीला मनातलं सांगायला हिवाळा गेला, वसंत गेला, माझं पिंप गेलं... अजून सांगतोच आहेस?"

सगळं गाव हसलं. एरवानने तोंड उघडलं. "मी... म्हणजे सोलेन, मला तू..."

"पुरे," सोलेन म्हणाली, "नाहीतर पुन्हा काहीतरी ओतशील." आणि खिडकीतून त्याची कॉलर धरून तिने त्याला जवळ ओढलं. पिठाचा, ग्रीसचा, लोण्याचा वास... आणि त्याच्या ओठांवर तिचे ओठ.

हॉर्न पुन्हा वाजले. या वेळी लाल आणि हिरवे एका सुरात.

"मलाही आवडतोस," श्वास घेऊन ती म्हणाली. "केव्हापासून. बस आत. शेकोटीपाशी पहिली गाडी आपली."

तो वळसा घालून तिच्या शेजारी येऊन बसला. जाकेझनी मागचं दार उघडलं, नव्या कापडाची सीट हाताने दाबून पाहिली, आत बसले, आणि दार लावून घेतलं.

"चल गं," ते म्हणाले. "आणि पुलावरून जाऊ. त्याला एकदा तरी पलीकडे पोचव."