तिसऱ्या रांजणाची जागा

कुसकुसचा, म्हणजे वाफवून खायच्या गव्हाच्या रवाळ कण्यांचा, रांजण फुटला आणि त्यात पुरून ठेवलेल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या, तेव्हा स्वयंपाकघरात बशीर सुतार एकटाच होता.

"पोलीस बोलावू?" लल्ला राधियाने विचारलं. स्फाक्स शहरातलं हे घर तिचं, बांगड्याही तिच्याच; सगळे तिला आदराने लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणत.

"तासभर थांबा," शाद्ली म्हणाला. खासगी तपास हा त्याचा धंदा. सोबत त्याचा मेहुणा हेदी होता. माणूस भला, पण डोकं निवांत चालायचं.

बशीरची थैली आणि खिसे आधीच उलटेपालटे झाले होते. काही सापडलं नव्हतं.

"मी भिंतीवर फळी ठोकत होतो. मागे धाडकन आवाज झाला. रांजण कट्ट्याच्या अगदी कडेला होता, मी आलो तेव्हापासून." बशीरचा आवाज फाटला. "साहेब, मुलीचं लग्न ठरलंय. तिच्या सासरी बातमी गेलीसुद्धा."

"बांगड्या तिथे आहेत हे कोणाला माहीत होतं?"

"घरच्यांना," राधिया म्हणाली. "आणि काल रांजण हलवताना यानेही पाहिलं असेल."

मुलगा लसाद वैतागला होता. "मी दुकानात होतो. या घरात मीठ कुठे असतं तेही मला ठाऊक नाही."

"ते मात्र खरं," आई म्हणाली. "एवढा घोडा झालाय, पण पाणीसुद्धा हातात लागतं."

अंगणात नवं स्वयंपाकघर खडूने आखलेलं होतं, खऱ्या मापाचं. सून वहीदाने कालच आखलं होतं. खिडकीखाली शेगडी, शेजारी सिंक, मग रांजणांचा बुटका कट्टा.

"एक वीत वाया नाही!" हेदी खूश झाला.

"जागा काय फुकट येते?" वहीदा म्हणाली. "फ्रीजचं दार किती उघडतं तेही मोजलंय."

"आणि वर्षाची बेगमी?"

"तेल, मिरच्या, कुसकुस. कुसकुसच्या रांजणाशिवाय स्वयंपाकघर कसलं, भाऊ? लोक हसतील."

शाद्लीने भिंतीला टेकवलेली कट्ट्याची फळी पाहिली. रांजण बसवायला तिला गोल भोकं पाडलेली होती. "बशीर, ही कधी कापलीस?"

"काल संध्याकाळी. ताईंच्या खुणांबरहुकूम."

शाद्लीने सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"भोकं दोन. खडूची वर्तुळंही दोन. रांजण तीन. हेदी, काय दिसतं?"

"ताई एक विसरल्या."

"फ्रीजचं दार मोजणारी बाई कुसकुस विसरेल? रांजण फुटला आज. पण त्याला जागा कालच नव्हती. तो राहणार नाही हे जिला माहीत होतं, तिचा हात फुटणाऱ्या रांजणासाठी जागा दवडायला तयार होईना. बांगड्या तिने आधीच काढल्या. रांजण कडेला सरकवला. बाकीचं काम बशीरच्या हातोड्याने केलं."

वहीदाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आतून बांगड्यांची पुरचुंडी आणली.

"माझ्या भावाला समुद्रापार जायचंय, नाववाल्याला पैसे द्यायचेत," ती पुटपुटली.

राधियाने बांगड्यांकडे पाहिलंच नाही. ती बशीरकडे वळली. "मला माफ कर."

"माझं सोडा, लल्ला. मुलीच्या सासूला कोण सांगणार?"

राधियाला फार लाज वाटली. बाहेर जाताना घ्यायची पांढरी चादर तिने अंगावर ओढली.

"घर दाखव त्यांचं. वहीदा, चल. सांगायचं तू. मी शेजारी उभी राहते."