बाकीचे पाच

त्या सोमवारी मी बाजाराच्या पिशवीत कॉम्प्युटरचा डबा घातला आणि डांगे चौकातून निगडीची बस धरली. डब्याभोवती मैत्रीची जुनी चादर गुंडाळली होती. मैत्री आमची मुलगी. नऊ वर्षांची असताना डेंग्यूनं गेली. तिचे एकेचाळीस व्हिडिओ त्या डब्यात होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

महिनाभर व्हिडिओ उघडायला वेळ लागत होता, मध्येच अडकत होता. आम्ही समजलो, जुना झालाय, चालायचंच. मग रविवारी आतून आवाज आला. टक... टक...

आमचे हे, नवनाथ, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. मशीनचं दुखणं ओळखायची त्यांची रीत म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. तसंच त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि बटण बंद केलं.

"आता हात लावू नकू. असा आवाज आला की आमी लाइन थांबवतो."

निगडीला स्वानंदच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी नखानं काउंटरवर तो आवाज वाजवून दाखवला. एरवी बडबडणारा मुलगा, पण त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"काकू, दुसरी कॉपी?"

"नाही रे."

"मग अजिबात चालू करू नका. आत तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुई. ती आता टेकायला लागलीय. जितक्यांदा चालू कराल तितके ओरखडे. इथंच ठेवून जा, पुढच्या सोमवारी बिघडलेल्या डब्यातून व्हिडिओ काढणाऱ्या लॅबचा माणूस येईल."

ठेवून जा. दवाखान्यातही असंच म्हणाले होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो आणि ती आत एकटीच गेली. मी डबा पुन्हा पिशवीत घातला, मांडीवर घेतला आणि थेरगावला परत आणला.

खरं सांगते, मंगळवारपर्यंतच धीर निघाला. हे फर्स्ट शिफ्टला. दुपारचं घर सुनं. वाटलं, आठ दिवसांनी काहीच निघालं नाही तर? एकदाच बघू. पडलेल्या दाताच्या फटीतून पाढे म्हणणारी मैत्री दिसली. बुधवारी तीच अडखळत दिसली. गुरुवारी नुसता आवाज. शुक्रवारी आवाजही तुटका. रोज मी डबा बंद करायचे, पुसायचे, चादर घालायचे. यांनी विचारलं तर म्हणायचे, "हात नाही लावला."

शनिवारी काहीच उघडलं नाही. फक्त टक... टक... मी घाबरून वायर उपसली.

आवाज थांबला नाही.

खोलीत वास आला. तापात तिच्या कपाळावर ठेवायचो त्या ओल्या घड्यांचा वास. मी स्क्रू ड्रायव्हर डब्यावर टेकवला, मूठ कानाला लावली. आधी खरवडल्यासारखं झालं. मग खूप खोलातून...

"आई... नको ना लावू... ओरखडतंय..."

असं ती कुठल्याच व्हिडिओत बोललेली नाही. मला सगळे पाठ आहेत.

मी तशीच रिक्षा करून निगडीला गेले. या वेळी डबा ठेवून आले.

वीस दिवसांनी अडतीस व्हिडिओ परत मिळाले. स्वानंदनं दोन पेन ड्राइव्हवर दिले. "दोन घरांत ठेवा, काकू. यात फिरणारं काहीच नसतं. आवाज यायचा प्रश्नच नाही." एक आम्ही ठेवला, दुसरा पुनावळ्याला माझ्या नणंदेकडे, विजयश्रीकडे दिला.

रविवारी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. मैत्री पाढे म्हणत होती. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तिच्या गालावर बारीक लाल रेघा होत्या. दुसऱ्या व्हिडिओत त्याच. बारशाच्या व्हिडिओत, पाळण्यातल्या बाळाच्या गालावरही त्याच.

हे उठले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी मोजल्या.

"सहा ओरखडे." बराच वेळ ते माझ्याकडे वळले नाहीत. "एक आपला, आवाज आला त्या रविवारचा. बाकीचे पाच?"

मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टीव्ही बंद केला, पेन ड्राइव्ह काढून देवाजवळ ठेवला. "पुन्हा न्हाई लावायचा," एवढंच म्हणाले. आम्ही लावला नाही.

काल दुपारी विजयश्रीचा फोन आला. आवाज दबका होता.

"वहिनी, आठवण आली म्हणून आज पहिल्यांदाच बघायला घेतलं... मैत्रीच्या गालाला काय लागलं होतं गं? सात ओरखडे आहेत..."

"विजू, बंद कर. आधी काढ तो."

"काढलाय वहिनी. कधीचा काढलाय. माझ्या मुठीत आहे."

मी फोन कानाशी दाबला. आणि फोनमधून, अगदी जवळून, ऐकू येत होतं...

टक... टक...