बोटांनी फिरायची बाग

हिरव्या मखमलीच्या तुकड्याचं एक टोक नंदिनीच्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी तरुणाच्या. दोघांच्या मधे आकाराम शिंप्याचा चिंध्यांचा गठ्ठा पसरला होता. तुकडा जेमतेम वीतभर, बँडवाल्यांच्या कोटांच्या कॉलरी शिवून उरलेला.

"मी आधी धरला," नंदिनी म्हणाली.

"बरोबर हाय. पण मी आधी बघितला."

आकारामनं मशीनवरची मान वर केली नाही. "दोघंबी शिकल्यालं दिसतायसा. आणि चिंधीवरनं भांडताय व्हय?"

तरुण ओशाळला, पण टोक सोडेना. त्याचं नाव जोतीराम. हातकणंगल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर. प्रयोगशाळेतल्या वजनपेटीचं अस्तर कसरीच्या किड्यांनी खाल्लं होतं. पितळी वजनं लाकडावर घासत होती, आणि घासली की हलकी होतात, हे तो इतक्या काळजीनं सांगत होता की नंदिनीला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी ती वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती, आता मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होती. मिलिग्रॅमची काळजी करणारा माणूस तिला नवा नव्हता. आवडला मात्र पहिल्यांदाच.

"मला पानओव्याचं पान करायचंय," ती म्हणाली. "त्याच्यावर लव असते. दुसरं कुठलं कापड चालणार नाही."

"पान? कशासाठी?"

तिनं सांगितलं. तिचे अप्पा मलकापुरात सव्वीस वर्षं शाळामास्तर होते. बिऱ्हाडामागं त्यांनी बाग केली होती, आणि पोरांना वर्गात कमी, बागेतच जास्त शिकवलं होतं. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. आई आधीच गेलेली. नंदिनीनं त्यांना कोल्हापुरात आणलं, मंगळवार पेठेत, माडीवरच्या दोन खोल्यांत. एकेका पानावर तासभर बोलणारे अप्पा आता दिवसभरात फक्त किती वाजले ते विचारायचे. थंडीसाठी ती त्यांना वाकळ शिवत होती, जुनी लुगडी आणि धोतरं जोडून. तिच्या मधल्या चौकोनात ती बाग शिवणार होती. प्रत्येक झाडाला वेगळं कापड... म्हणजे अप्पांच्या बोटांना ते कळेल.

जोतीरामनं टोक सोडलं. "घ्या. वजनं थांबतील चार दिवस."

तिनं पिशवीतून फूटपट्टी काढली, तुकडा मोजला आणि बरोबर मधून कापून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. तो फूटपट्टीकडंच बघत राहिला. "झाल्यावर मला दाखवाल?"

पंधरा दिवसांत चौकोन झाला. जास्वंदीला साटिनच्या पाच पाकळ्या आणि मधे पिळलेल्या दोऱ्याचा तुरा. मोगरा मलमलीचा, पानओवा मखमलीचा. एकाही फुलात पाकळी कमीजास्त नव्हती. तिनं तो अप्पांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या बोटांकडं बघत बसली.

अप्पांची बोटं फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"छान झालंय, बाळ. मऊ हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "वाजले किती?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चौकोन घेऊन आकारामच्या दुकानात गेली. जोतीराम बाकावर होता. काय झालं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. त्यानं समजूत घातली नाही. चौकोन मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ तो बोटं फिरवत राहिला. आपल्यासाठी कुणी असे डोळे मिटून बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आत कुठनं यायचं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"जास्वंद कळली. मोगरा कळला. पण बागेला दार न्हाय, वाट न्हाय. मी उभा कुठं हाय तेच कळंना."

नंदिनीनं चौकोन पुन्हा पाहिला. कॉलेजात वाळवलेली झाडं कागदावर चिकटवायची, तशीच तिनं ओळीनं झाडं लावली होती. अप्पांची बाग तशी कधी नव्हतीच.

"रागावला?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.

"हो... स्वतःवर."

मग काम उलट झालं. डोळे तिनं मिटायचे, आणि मलकापूरच्या मागच्या दारातून बाहेर पडून एकेक पाऊल बोलायचं. तो कागदावर पावलं मांडायचा. दारातून तीन पायऱ्या. डावीकडं न्हाणीच्या पाण्यावर कढीपत्ता. सात पावलांवर विहीर. पुढं लिंबू... सगळं आकारामच्या देखत, त्याच्या मशीनच्या खडखडाटात.

"तुम्ही माझ्याकडं बघताय," एकदा डोळे मिटूनच ती म्हणाली.

"नोंद घेतोय."

"कसली?"

"लिंबापाशी आला की तुम्ही हसता. तीनदा झालं."

"तिथं अप्पांचं धोतर अडकायचं काट्यात. रोज... आणि रोज ते लिंबाला रागवायचे."

आकारामला राहवलं नाही. "बाई, लगीन कधी करणार तुमी?"

"अप्पांना सोडून मी कुठं जाणार नाही," नंदिनी सरळ म्हणाली. "एका स्थळाला तसं सांगून झालंय."

जोतीराम सुईत दोरा ओवत होता. तीनदा हुकला.

वाटेसाठी जाड सुतळी बसली, पायऱ्यांसाठी खादीच्या घड्या. विहिरीचा काठ गोल आणि कडक हवा म्हणून पडद्याची पितळी कडी लावायची ठरलं. ते मी करतो म्हणून जोतीराम चौकोन घेऊन गेला, आणि रविवारी सकाळी कागदात गुंडाळून घरी घेऊन आला. नंदिनीनं त्याची ओळख करून दिली. अप्पांनी मान हलवली, पाव्हण्याला बसायला सांगितलं. जोतीरामनं चौकोन त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचा हात धरला आणि एक बोट खालच्या कडेवर टेकवलं.

"हितं दार हाय, मास्तर."

बोट हललं. एक पायरी, दुसरी, तिसरी.

"कढीपत्ता," अप्पा म्हणाले. मग, "थांब... विहीर." त्यांचा आवाज बदलला. बोट सुतळीवरून भराभरा चालू लागलं. "आणि हा माझा लबाड लिंबू. नंदे, हा लिंबू गं..." ते हसत होते, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. नंदिनी चहाची भांडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला जोतीरामकडं बघायचं होतं, पण बघितलं असतं तर रडू आलं असतं.

अप्पा सगळी बाग फिरून दाराशी परत आले. तिथं बोट अडलं. पायरीला लागून काहीतरी इवलं होतं, दोन पानांचं.

"हे माझ्या बागेतलं न्हवं," अप्पा म्हणाले. "आणि टाकाबी तुझा न्हवं, नंदे. तुझा टाका मुंग्यांच्या रांगेसारखा असतो. हा दारू प्यालाय."

नंदिनीनं वाकून पाहिलं. तिलाही ते नवं होतं.

"मी लावलं, मास्तर," जोतीराम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाहेरचं हाय... पण तुमच्या दारातच रुजावं, असं वाटलं."

अप्पांनी त्या दोन पानांवरून पुन्हा हलकेच बोट फिरवलं.

"ऊन येतं तिथं," ते म्हणाले. "रोज पाणी लागंल. कोण घालणार?"

खाली रस्त्यावर कुणाचा तरी टांगा गेला. जोतीरामनं मान वर केली नाही.

"मी घालीन, अप्पा," नंदिनी म्हणाली.