आण्णांची सातवी ओळ

मोबाईल खिशात घाला आधी. भुतं न्हाईत म्हणताय न्हवं? मग लाईट घालवल्यावर सरकून का बसलासा?

माझा भाचा सम्राट. पुण्यात कॉम्प्युटर शिकून आलेला. अंगात इतका माज, की दारात आलेल्या पावण्याला नीट 'या' म्हणणार न्हाय. त्याच्यावरच बेतलं हे. सतरा डिसेंबर, बुधवारची रात्र.

मुरगूडच्या अलीकडं आमच्या दूध संस्थेत फॅट मोजायचं नवीन मशीन आलतं. त्यासाठी जुना प्रोग्रॅम जरा बदलायचा हुता. तो लिहिलेला आमच्या आण्णांनी, संस्थेचे जुने ऑपरेटर. दोन वर्षांमागं वारले. पहाटे पाचला चारशे घरचं दूध येणार, मशीन चाललं न्हाय तर सगळं माघारी जाऊन नासणार. सम्राट म्हणाला, "दोन तासांचं काम हाय, मामा. जुनं मशीन काढून टाका."

काढलं की.

लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत करतो तो कंपायलर. तो आधी एक हेडर फाईल वाचतो, सगळी नावं-मापं तिच्यात. तिच्या सातव्या ओळीत आण्णांनी लिहून ठेवलं हुतं, "बिघडलं तर हाक मारा. रात्री बी येतो." कंपायलर असली ओळ सोडून देतो, ती माणसासाठी असती. सम्राट खदाखदा हसला. "म्हाताऱ्यानं चिठ्ठी लिवलीया!" आणि पुसून टाकली.

कंपायलर चालवला. दोनशे चुका. फाईल उघडली तर सातव्या ओळीपास्नं खाली नुसता कचरा. चौकटी, उलटीसुलटी चिन्हं.

शिकलेलं येडं काय करतं? मेलेल्याला शिव्या घालतं. आण्णांच्या पेनड्राईव्हवरनं त्यानं चांगली फाईल आणली, आणि पहिल्यांदा परत तीच ओळ पुसली! खोडच ती. परत कचरा. सातव्यापास्नंच. पेनड्राईव्ह बघितला... तिथं बी.

अडीच वाजले. लाईट गेली. कॉम्प्युटर बंद.

खोलीत हा एकटा. बाहेर कुत्रं न्हाय, वारं न्हाय.

शेजारची खुर्ची करकरली...

माज कुठं गेला कुणास ठाऊक. रडकुंडीला येऊन म्हणाला, "आण्णा... चुकलं माझं. या की."

...

कीबोर्डची बटणं वाजाय लागली. सावकाश. एका बोटानं.

आण्णा एकाच बोटानं टाईप करायचे.

पळायचं बी सुचलं न्हाय त्याला. डोळं मिटून बसला.

तीनला लाईट आली. कॉम्प्युटर चालू करून कंपायलर चालवला. एकबी चूक न्हाय. पाचला मशीन सुरू, चारशे घरचं दूध घेऊन झालं, आणि लोकं सम्राटचं कौतुक करून गेली. त्याचं तोंड पांढरंफटक.

मग मला बोलवून फाईल दाखवली. मी सोता वाचलीया. सातवी ओळ जाग्यावर. तिच्याखाली नवी एक. "आलतो. ह्या पोराला परत हात लावू देऊ नका."

लाईट तीनला आली, ध्यानात ठेवा. आणि फाईल सेव्ह झाल्याची वेळ...

दोन पन्नास.