बाबा जुम्माची फेरी

टिप्पू, तो मोबाइल खिशात घाल आधी. वीज गेलीय तर जाऊ दे, त्या डबडीच्या उजेडात मला काही सांगता येत नाही. आणि दह्याच्या मडक्यांना पाय लावू नका कुणी. विरजण हललं तर सकाळी गिऱ्हाइकं माझी बिनपाण्याने करतील.

इद्रीस सेहरीवाला माहीत आहे ना? रमजानात पहाटे लोकांना उठवत ढोल घेऊन फिरतो तो. हल्ली नुसता ढोल वाजवतो, कुणाचं नाव घेत नाही. तुम्ही पोरं त्याला मुका म्हणून चिडवता, लाज वाटू द्या जराशी. तो मुका नाही. त्याने नाव घेणं का सोडलं ते त्याने मला सांगितलंय, ह्याच फळीवर बसून. मी पदरचा एक शब्द घातलेला नाही. घातला असेल तर माझं दही नासो.

मागच्या रमजानची चोविसावी रात्र. सोमवार संपून मंगळवार लागलेला. बरोबर तीन वाजता इद्रीसने ढोल गळ्यात अडकवला.

त्याची एकुलती एक लेक, कुलसूम, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. संध्याकाळपासून तिला बारीक कळा येत होत्या. दाई येऊन बघून गेली, म्हणाली, उद्या दुपारपर्यंत तरी काही नाही. पण सुरैया, म्हणजे इद्रीसची बायको, दारात आडवी उभी.

"आजच्या दिवस फेरी राहू द्या की. पोरीकडे बघा जरा."

"तीन पिढ्यांचं काम आहे, सुरैया. लोक वाट बघतात."

"कोण वाट बघतंय तुमची? सगळ्यांच्या उशाला फोन बोंबलतात."

"फोन वाजून गप होतो. झोपलेला झोपूनच राहतो. मी ओ घेतल्याशिवाय हलतो का?"

ते मात्र खरं. इद्रीसच्या घराण्याचा दंडकच तो. दारासमोर उभं राहायचं, ढोलावर तीन थापा, मग घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन हाक. आतून "जागे आहोत" असा आवाज आला की पुढचं दार. ओ आल्याशिवाय उंबरा सोडायचा नाही. म्हणजे चार घास खाऊन रोजा धरायला कुणी राहून जात नाही. आजोबांनी नातवाकडून सगळ्या गल्ल्यांतल्या माणसांची नावं पाढ्यांसारखी घोकून घेतलेली.

"पाऊण तासात येतो," म्हणाला आणि निघाला.

मशीद वजीर खानच्या मागचा भाग नेहमीसारखा झाला. पण त्याचं चित्त कुठे थाऱ्यावर होतं? हात ढोलावर, जीव लेकीपाशी. चारला वीस कमी असताना तो कंगवेवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आला.

तुम्ही म्हणाल, तिथे तर भिंत आहे. होती. सत्तेचाळीस सालापासून ती गल्ली विटांनी बंद होती. जुनं शहर दुरुस्त करणारी माणसं त्या आठवड्यात तिथे आली होती आणि सोमवारीच त्यांनी भिंत उतरवली होती. त्या गल्लीतून गेलं की इद्रीसचं घर दहा मिनिटं जवळ पडतं.

आता नीट ऐका. त्या गल्लीतली नावंही आजोबांनी इद्रीसला शिकवली होती. आणि शिकवून झाल्यावर ओठांवर बोट ठेवलं होतं. "ही लक्षात ठेवायची. तोंडातून काढायची नाहीत."

कारण आजोबांचा थोरला भाऊ, बाबा जुम्मा. त्याच्या काळी फेरी त्याच्याकडे. सत्तेचाळीसचा, फाळणीचा रमजान, हीच चोविसावी रात्र. शहर चारी बाजूंनी पेटलेलं, संचारबंदी लागलेली. घरचे म्हणाले, जाऊ नको. तो म्हणाला, रोजेदार उपाशी राहतील, आणि गेला. कंगवेवाल्यांच्या गल्लीत शिरला. तिथे हिंदू-मुसलमान सगळे एकत्र राहायचे. लाला बिशनदास रोजा धरत नसे, पण त्याच्याही दाराशी थाप पडायची, कारण तो ढोलवाल्यासाठी गूळ-पाणी घेऊन उभा असायचा. त्या रात्री गल्लीत माणूस नव्हता. कुणी पळालेलं, कुणी मेलेलं. जुम्मा एकेका दारात उभा राहून हाका मारत होता, ते लांबून लोकांनी ऐकलं. ओ देणार कोण? आणि ओ आल्याशिवाय हा हटणार कसा? मग गल्लीच्या दोन्ही टोकांना आग लागली. ढोलाचा आवाज बराच वेळ येत होता म्हणतात. मागाहून राखेत शोधलं. काही मिळालं नाही.

हे सगळं माहीत असून इद्रीस आत शिरला. लेकीची काळजी माणसाला आंधळं करते, दुसरं काय! ढोलावर हात दाबून धरला, गुपचूप निघून जाऊ म्हणाला. पण चाळीस वर्षांची सवय. निम्म्या गल्लीत बोटं आपोआप हलली. तीन थापा. आणि जिभेवरून पाढा सुटला.

"लाला बिशनदास! हकीम नूरदीन! उठा, वेळ झाली!"

बोलला आणि जीभ चावली.

दारं बंद. फळ्या काळ्या. कुणी ओ दिली नाही. कोण देणार...

तो भरभर चालून गल्लीबाहेर आला. हुश्श केलं. आणि मागून, गल्लीच्या आतून, तीन थापा ऐकू आल्या.

"लाला बिशनदास... हकीम नूरदीन... उठा... वेळ झाली..."

आवाज त्याचाच. इद्रीसचा. हुबेहूब.

प्रतिध्वनी असेल, तो मनाशी म्हणाला. जुन्या भिंती, मोकळी गल्ली. स्वतःची समजूत घालत तो पहिल्या दाराशी आला. माई बख्तोचं घर. नव्वदीची म्हातारी, एकटी राहायची, जीभ ही अशी धारदार.

"माई बख्तो! उठ, वेळ झाली!"

"जागीच आहे, मेल्या! तुझ्या ढोलाने कबरीतले उठून बसतील एखादे दिवशी!"

खिडकीत कंदील दिसला. इद्रीसला धीर आला, हसूही आलं. तो पुढे निघाला. वीस पावलं गेला असेल.

मागून तीन थापा.

"माई बख्तो... उठ... वेळ झाली..."

"अरे, एकदा सांगितलं ना जागी आहे म्हणून! बहिरा झालास का..."

वाक्य तिथेच तुटलं. इद्रीसने वळून बघितलं. खिडकीतला कंदील विझलेला. दारासमोर काही नव्हतं. नुसता अंधार, पण दाराएवढ्या उंचीचा, दाट.

दुसऱ्या दिवशी माई बख्तो तिथेच खिडकीपाशी मेलेली मिळाली. लोक म्हणाले, वय झालं होतं. असेल. मी कशाला वाद घालू?

पुढच्या दाराशी इद्रीसने थाप मारली, पण नाव फुटेना. तो तसाच पुढे सरकला. मागून तीन थापा आल्या. नाव नाही.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मागच्याला नावं माहीत नाहीत. कानावर पडलेलं नावच तो उचलतो.

त्याने ढोल छातीशी आवळून धरला. वाजवणं बंद. मागचाही गप्प झाला. आता फक्त पावलं. अनवाणी. विटांवर... चट... चट...

काय शानी, काय कुजबुजतोयस? मग तो घरी गेलाच कशाला, दुसरीकडे पळायचं, असंच ना? अरे शहाण्या, घरी लेक अडलेली. घरात दुसरा गडी माणूस नाही. आणि ऐक. फेरी घरापासून सुरू व्हायची आणि घरीच संपायची. ते घर तरी कुणाचं? जुम्म्याचंच. तिथेच तो जन्मला. हा गेला नाही तरी तो जाणारच होता.

त्याने फोन काढला. हळू आवाजात बोलला.

"सुरैया, आतून कडी लाव. पोरीला सांग, बाहेरून कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी मारली तरी नाही. अजान होईपर्यंत दार उघडू नकोस."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? पोरीच्या कळा वाढल्यात, आणि तुम्ही..."

"तुला तिची शपथ आहे."

फोन ठेवला. लेकीचं नाव घेतलं नाही त्याने. बायकोचं घेतलं, हे त्याला नंतर आठवलं. पण इतकं हळू बोललेलं मागच्याला ऐकू गेलं नसावं. पावलं मात्र जवळ आली होती.

चार वाजून पाच मिनिटांनी तो स्वतःच्या दाराशी पोचला.

कडी लावलेली. बायकोने सांगितलं तसं केलेलं. आता आत जायचं कसं? आवाज द्यायचा नाही. नाव सांगायचं नाही. त्याने बोटाच्या पेराने दार वाजवलं.

"कोण आहे?" सुरैयाचा आवाज.

त्याने परत वाजवलं.

आतून कुलसूमचं कण्हणं ऐकू येत होतं. बापाच्या काळजाचं पाणी झालं. मागे वळायची हिंमत नाही. मानेवर ऊब लागत होती. चुलीजवळ बसल्यासारखी.

आतून लेक म्हणाली, "अम्मी, अब्बाच आहेत गं... उघड ना..."

आणि सुरैया घाबरून ओरडली, "गप्प! कुलसूम, ओ द्यायची नाही म्हणालेत ना ते!"

नाव बाहेर गेलं.

सगळं शांत झालं. पावलंसुद्धा.

मग त्याच्या खांद्याच्या मागे, अगदी कानाशी, ढोलावर एक थाप... दुसरी... तिसरी...

"कुलसूम... उठ बाळा... वेळ झाली..."

इतक्या मायेने. इद्रीस म्हणतो, इतक्या मायेने मी स्वतः कधी हाक मारली नव्हती.

आतून खाट करकरली. पोरीने श्वास घेतलेला ऐकू आला. "हो, अब्..."

इद्रीसने दोन्ही हातांनी ढोल बडवला. लेकीचा आवाज बुडवला. दाराकडे पाठ करून उभा राहिला, डोळे घट्ट मिटले, आणि छाती फुटेस्तोवर ओरडला,

"जागे आहोत! बाबा जुम्मा, जागे आहोत! लाला बिशनदास जागे आहेत! हकीम नूरदीन जागे आहेत! सगळी गल्ली जागी आहे, बाबा! सगळ्यांनी ओ दिली! फेरी झाली तुमची. आता घरी जा... घरी जा, बाबा..."

ओ देणारा मरतो, हे त्याने थोड्याच वेळापूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी दिली. माझा जीव घे, पोरीला सोड, एवढंच त्याच्या मनात होतं.

काही झालं नाही.

ऊब गेली. वारा लागला. इद्रीस पायरीवर मटकन बसला. तोंडातून शब्द काढायची भीती, म्हणून तसाच बसून राहिला. आत लेक कण्हत होती. मग तीही शांत झाली. ती का शांत झाली, ह्या विचाराने तो अर्धा तास मेल्यासारखा झाला होता.

अजान झाली. कडी निघाली. सुरैया त्याच्याकडे बघून रडायलाच लागली. कुलसूम खाटेवर निवांत झोपलेली. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. दहा वाजता मुलगी झाली. दोघी सुखरूप, अल्लाची मेहेरबानी.

अकरा वाजता इद्रीस इथे आला. मी लस्सी पुढे केली, रोजा आहे हेही विसरलो. त्याने नको म्हणून मान हलवली आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "इद्रीस, जागरण झालंय तुला. आधी झोप काढ."

तेव्हा त्याने पिशवीतून लेकीची ओढणी काढली. दवाखान्यात कपडे बदलताना सुरैयाने ती बाजूला काढून ठेवली होती. लेक म्हणत होती, "अब्बा, मी फार घाबरले होते. बरं झालं तुम्ही आत येऊन डोक्यावर हात ठेवलात, मग मला झोप लागली."

सुरैया अजान होईपर्यंत तिच्या उशाशी बसून होती. तिने कुणाला बघितलं नाही. कडी तिनेच लावली होती, तिनेच काढली.

इद्रीसने ओढणी ह्या फळीवर पसरली. पांढरी, सुती. डोक्यावर येते त्या जागी एका मोठ्या माणसाचा पंजा उमटला होता. काजळीचा. पाचही बोटं स्पष्ट, अलगद टेकवलेली.

मी बोट लावून बघितलं. कापड अजून गरम होतं.