व्हर्नेलची पिवळी रेघ

खोटं लिहिलंय तुम्ही, कंपनीच्या दफ्तरात. एकाच ओळीत, टाइप करून, खाली शिक्का मारून: "तपासनीस व्हर्नेल टॅगर्ट, ११ फेब्रुवारी १९६९, सकाळी दहा चाळीसला काम सोडून स्वखुशीने निघून गेला." स्वखुशीने! मिशिगनच्या फेब्रुवारीत, कोट खुंटीवर ठेवून, जेवणाचा डबा न उघडता. तो कोट आणि तो डबा महिन्याभराने तुम्हीच घरी पाठवलात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना माणूस नुसत्या शर्टावर गेला कुठे, हे तुमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. गाड्यांचा कारखाना पाडला, तिथे गवत उगवलं, दफ्तरं एका हातातून दुसऱ्या हातात गेली, पण ती ओळ तशीच राहिली. म्हणून हे सगळं तुमच्या टेबलावर ठेवलंय, घडलं तसं.

व्हर्नेलची मुलगी ओलेटा तेव्हा सहा वर्षांची होती. बाप टोलेडो शहरातल्या कुठल्यातरी बाईबरोबर पळाला, असं गाव म्हणायचं. गावाने म्हणावं म्हणून तुम्ही कागद दिला होतात ना हातात. आई तो कागद घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवायची आणि मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. ओलेटा मोठी झाली, सरकारी शाळेत एकतीस वर्षं पोरांना गाड्या दुरुस्त करायला शिकवलं, निवृत्त झाली. मग तिने घरामागच्या गॅरेजचं दार उघडलं आणि एक गाडी शोधायला लागली. कुठलीही नाही. त्या दिवशी त्या कारखान्यातून बाहेर पडलेली.

सहा वर्षं लागली. ओहायोतल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात, गवताच्या गाठींखाली ती सापडली: दोन दारांची, लांब नाकाची, तेव्हाच्या पोरांनी जिच्यासाठी बापाशी भांडणं केली तसली गाडी. तळ बर्फाळ रस्त्यांवरच्या मिठाने खाल्लेला, इंजिन जाम. कामगार घाईत, गाडीत कोणते भाग बसवायचे त्याची यादी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कोंबून टाकत, ती तिथेच होती. उंदरांनी कोपरे खाल्ले होते, पण तारीख होती आणि त्या दिवसातला क्रमांक होता: दोनशे सदतीस.

आता तुम्हीच हिशेब करा. पाळी साडेसहाला सुरू. तासाला चाळीस गाड्या. मधली अर्ध्या तासाची सुट्टी. दोनशे सदतिसावी गाडी व्हर्नेलच्या पुढ्यात येणार दुपारी एकच्या सुमाराला.

व्हर्नेलचं काम साधं होतं. दुसऱ्यांनी आवळलेला बोल्ट पान्याने तपासायचा आणि मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने बोल्टवरून पत्र्यावर एक रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबून दिसतं. तो डावखुरा होता. त्याच्या रेघेला शेवटी डावीकडे वळलेली बारीक शेपटी असायची. घरी काकडीच्या लोणच्याच्या बरण्या बंद केल्या की झाकणांवरही तो तीच रेघ मारायचा. आई हसायची, "बघ, तुझ्या बापाने लोणचं पास केलं!" ओलेटाला बापाचा चेहरा नीट आठवत नव्हता. शेपटी आठवत होती.

तर दोनशे सदतीसच्या तळाला ती शेपटी असली, तर तुमचं दहा चाळीस खोटं. इतकं सरळ.

कोठारात विजेरीच्या उजेडात तिला चिखलाखाली पिवळं काहीतरी दिसलं होतं. घरी नेऊन, नीट उजेडात, मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे असं तिने ठरवलं. या धंद्यात पहिला नियमच तो आहे: आधी फोटो, मग पाणी. आणि तिचा शेजारी, रंगारी डेल बुझेक, चाळीस वर्षं गाड्यांना रंग देणारा माणूस, त्याने तिला खूश करायला म्हणून सकाळी ती येण्याआधीच वाफेच्या फवाऱ्याने अख्खा तळ धुऊन काढला.

"चकचकीत केला बघ, मास्तरीणबाई," तो म्हणाला.

ओलेटा गटाराच्या जाळीपाशी उकिडवी बसली. करड्या पाण्यात मेणाचे पिवळे कण तरंगत होते. तिने बोट बुडवलं, बोटाला काही लागलं नाही.

अकरा दिवस ती डेलशी बोलली नाही. बाराव्या दिवशी तो दारात डोनट घेऊन उभा राहिला. तिने एक उचलला आणि म्हणाली, "पाना धर."

मग तिने गाडी अशी बांधली की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. बाहेरून एकोणसत्तर: तोच गडद हिरवा, तेच क्रोम. आत नवं इंजिन, चारशे ऐंशी घोड्यांचं, त्यात पेट्रोल सोडणार संगणक. सहा गिअर. चारी चाकांना डिस्क ब्रेक. मागची चाकं धरणारे दांडे नव्या पोलादाचे. आणि तरीही तिने इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्यातल्या जुन्या खुणा खडूने पुन्हा काढल्या, कारण जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांत तशी रीत आहे.

"पोटात रॉकेट आणि वर खडूच्या रेघोट्या," डेल म्हणाला. "म्हातारीला मिसरूड लावल्यासारखं."

"तुझ्यापेक्षा बरं दिसतंय."

"आणि ती पिवळी? ती नाही मारणार?"

"ती माझी नाही," ओलेटा म्हणाली. "मी मारली तर माझ्यात आणि त्या दफ्तरवाल्यांत फरक काय?"

हे एप्रिलातलं. मेच्या पहिल्या मंगळवारी ती जेवून गॅरेजात आली तर पुढच्या डाव्या ब्रेकच्या बोल्टवर पिवळी रेघ होती. शेवटी शेपटी. डावीकडे.

तिने डेलला कुंपणावरून हाक मारली. "हे तू केलंस?"

तो वाकला. "माझे हात बघ, ओलेटा. मला आता चहाचा कप सरळ धरता येत नाही."

"मग कुणी?"

"मला काय विचारतेस? किल्ली तुझ्याकडे."

तिने रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आणि शेजारच्या बोल्टवरही आली. ओलेटा घाबरली नाही. तिला हुरूप आला. आयुष्यभर पोरांना तिने एकच शिकवलं होतं: अंदाज करू नकोस, मोजून बघ. तिने वही केली, रोज सगळ्या रेघा पुसून ठेवल्या. रेघा नेहमी एकच्या सुमाराला येत. पुढून मागे येत, कारखान्याच्या पट्ट्यावर गाडी सरकते त्या क्रमाने. तिने मोबाईल तिवईवर लावला, सेकंदाला एक फोटो. बारा पन्नासच्या फोटोत बोल्ट कोरा होता, एकला चार मिनिटं असतानाच्या फोटोत कोरा, त्याच्या पुढच्या फोटोत रेघ होती. मधे हात नाही, सावली नाही. फक्त त्या एका फोटोत दिव्याचा उजेड किंचित कमी होता, कुणी दिव्याच्या आड आल्यासारखा.

आणि हे भाग १९६९ मध्ये जन्मलेच नव्हते. जो कुणी तपासत होता, त्याला नवा ब्रेकसुद्धा तपासता येत होता.

तिने त्याची परीक्षा घेतली. चाळीस बोल्टांपैकी एक पाव फेरा सैल केला, कुठला ते वहीतही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस रेघा. सैल बोल्ट कोरा.

"पास नाही केला," ती कुजबुजली, आणि लहान मुलीसारखी हसली.

जूनमध्ये मात्र एक बोल्ट तिने सैल केला नव्हता तरी कोरा राहिला. मागच्या उजव्या दांड्याचा. तिने पाना लावला: पुरेपूर आवळलेला. पुन्हा आवळला. तीन दिवस झाले, रेघ नाही.

"अगं, विसरला असेल," डेल म्हणाला, आणि काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

तिने बोल्ट काढला. खोक्यातून काढलेला, कोरा करकरीत. भिंगाखाली धरला. डोक्याच्या मुळाशी केसाएवढी चीर होती.

नवा बोल्ट टाकला, दुसऱ्या दिवशी एकला रेघ आली. मग तिने गाडी बाहेर काढली. तळ्याकाठच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तिने पाय दाबला तेव्हा बाजूला बसलेल्या डेलची टोपी मागच्या सीटवर गेली आणि तो आईच्या भाषेत, पोलिशमध्ये, देवाला हाका मारू लागला. मोठ्या वळणावर गाडीचं सगळं वजन मागच्या उजव्या दांड्यावर आलं. दांडा धरून राहिला. वळणापलीकडे ओलेटाने गाडी कडेला घेतली आणि खाली वाकून त्या बोल्टवरची रेघ बघितली.

तिने तुम्हाला लिहिलं. फोटो, वही, सगळं पाठवलं. तुम्ही उत्तर दिलंत, ते मात्र लगेच: "नव्या भागांवरील ताज्या खुणा पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत." बरोबर आहे. तिलाही ते पटलं. कागद तिने घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवला.

ऑगस्टात, एका बुधवारी, जेवण करून ती गाडीतच बसली. काच खाली, मनगट दारावर टेकवलेलं. डुलकी लागली. जाग आली तेव्हा गॅरेजातल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाच पिवळ्या रेघा होत्या.

सहा वर्षांपूर्वी ती बर्फावर घसरली होती, तेव्हा त्या मनगटात धातूची पट्टी बसवली होती. पट्टीला सहा स्क्रू.

तिने मोजल्या. पाच. सहावी जागा कोरी.

गाडीचा बोल्ट तपासणं वेगळं. हे मांसाखाली होतं. हे बसवलं तेव्हा व्हर्नेलला जाऊन पन्नास वर्षं झाली होती. पहिल्यांदाच ती घाबरली. तरी तिने रेघा पुसल्या नाहीत. आधी फोटो काढला, मोजपट्टी ठेवून. मग डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होती. एक्स-रे दिव्यावर लावून ती म्हणाली, "दुखत होतं का?"

"नाही."

"मग आलात कशा? सहावा स्क्रू मागे सरकलाय. थोडे दिवस गेले असते तर नस कापली असती. कुणी सांगितलं तुम्हाला?"



ऑपरेशन झालं. नवा स्क्रू बसला. डॉक्टरीणबाईने स्वतः हात घट्ट बांधला, वरून प्लास्टर घातलं, त्यावर तारीख टाकली. दोन आठवडे ते कुणी उघडलं नाही. उघडलं तेव्हा डेल शेजारी बसला होता, तोही साक्षीला आहे.

कात्रीने प्लास्टर चिरलं. कापूस निघाला. टाक्यांची रांग सुकलेली, स्वच्छ.

टाक्यांच्या पलीकडे, आधी कोरी होती त्या जागी, सहावी रेघ होती. शेवटी शेपटी. डावीकडे.

"हे मी नाही काढलं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईने तशी चिठ्ठी सही करून दिली आहे. सोबत जोडली आहे. आता तुम्ही सांगा. जो माणूस छप्पन्न वर्षांपूर्वी सकाळी दहा चाळीसला स्वखुशीने काम सोडून गेला, असं तुम्ही लिहून ठेवलंत, तो दुपारी एक वाजता अजून पाळीवर कसा? त्या दुपारी कारखान्यात त्याचं काय झालं, त्याला बाहेर पडायचं दार कुणी बंद केलं?

उत्तर द्या.